कॉलेज फुटबॉल: पोराला मारहाणीत अटक झालीय, शनिवारी खेळवायचं का?

सुमेधा_टल्सा | रविवार, रात्री ११:४०

मंडळी, अमेरिकन कॉलेज फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर पडणं, इतकंच मला १४ वर्षांपूर्वी माहीत होतं. पण ओक्लाहोमात राहिलं की सुटका नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर कुणाकडे सत्यनारायण ठेवायचा तरी आधी मॅच किती वाजता आहे ते बघावं लागतं, नाहीतर तीर्थाला गुरुजी आणि आपण दोघंच.

तर झालं असं. मुलगी ज्या कॉलेजात आहे (नाव लिहीत नाही, ओक्लाहोमातलं नाही, कृपया अंदाज लावत बसू नका) तिथल्या टीममधल्या एका पोराला गर्लफ्रेंडला मारल्याबद्दल पोलिसांनी पकडलं. दुसऱ्या दिवशी जामीन. सोमवारी कोचने सांगितलं की त्याला 'इनडेफिनिटली' सस्पेंड केलंय. मी म्हटलं चला, बरं झालं. काल त्यांची मॅच कुठल्यातरी लिंबूटिंबू टीमशी होती, हा नव्हता, तरी पन्नासेक पॉइंटनी जिंकले. येत्या शनिवारी मात्र वर्षातली मोठी मॅच आहे आणि मुलगी म्हणते आई, कॅम्पसवर सगळे धरून चाललेत की तो खेळणार. म्हणजे इनडेफिनिट म्हणजे नक्की किती? बारा दिवस?

आज एका पॉटलकला हा विषय निघाला आणि सरळ दोन तट पडले. आमच्या राज्यात हे नवीन नाही. २०१४ मध्ये नॉर्मनला ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीच्या जो मिक्सनने एका मुलीला बुक्की मारली, तिचा जबडा आणि गालाचं हाड मोडलं. युनिव्हर्सिटीने एक अख्खा सीझन बसवलं, पण स्कॉलरशिप ठेवली, आणि २०१५ ला तो परत खेळायला लागला. २०१४ च्याच डिसेंबरात तिकडे स्टिलवॉटरला ओक्लाहोमा स्टेटचा टायरीक हिल, ज्याने काही दिवसांपूर्वीच ओक्लाहोमाविरुद्ध ९२ यार्डांचा पंट रिटर्न मारून (समोरच्यांनी लाथेने उडवलेला बॉल झेलून थेट पळत नेऊन) मॅच काढली होती, म्हणजे गावाचा हिरो, त्याला गरोदर मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल अटक झाली आणि कॉलेजने लगेच नारळ दिला. एकच राज्य, एकच वर्ष, दोन कोच, दोन न्याय.

माझा प्रश्न साधा आहे. अटक झाली की लगेच काढावं, का कोर्टाचा निकाल लागेपर्यंत खेळू द्यावं? आणि हे ठरवायचं कुणी? कोचने??


झक्कास_झंप्या | सोमवार, सकाळी ७:०२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आधी एक शंका, ज्या खेळात बॉलला पाय लागतच नाही त्याला फुटबॉल म्हणणाऱ्यांना पहिली शिक्षा कोण करणार?


नांगरधारी | सोमवार, सकाळी ७:३०

झंप्या, पंट आणि फील्ड गोल काय हाताने मारतात का. बस खाली.

ताई, तुम्ही सांगितलेल्या दोघांचं पुढे काय झालं तेही लिहा की. मिक्सन २०१७ ला एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (तिथे टीमा नवे खेळाडू निवडतात) दुसऱ्या राउंडला सिनसिनाटीकडे गेला. हिल एका छोट्या कॉलेजात एक सीझन खेळला, गुन्हा कबूल केला, तीन वर्षं प्रोबेशन मिळालं आणि २०१६ ला कॅन्सस सिटीने पाचव्या राउंडमध्ये उचलला. दोघंही कोट्यधीश. म्हणजे कॉलेजने काढा नाहीतर ठेवा, पुढचं दुकान उघडंच आहे. मग कॉलेजने आपल्या टीमचं नुकसान का करून घ्यायचं, असा कोचचा हिशोब असतो.


भाऊ_लिंकनकर | सोमवार, सकाळी ९:१५

नेब्रास्कात २२ वर्षं काढली आहेत त्यामुळे या विषयावर गप्प बसणं शक्य नाही.

आमच्याकडचं जुनं दुखणं म्हणजे लॉरेन्स फिलिप्स. मी तेव्हा इथे नव्हतो, पण शेजारच्या म्हाताऱ्याकडून इतक्यांदा ऐकलंय की डोळ्यासमोर घडल्यासारखं वाटतं. सप्टेंबर १९९५, टीम आदल्या वर्षीची राष्ट्रीय विजेती, फिलिप्स हाइझमनच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या बक्षिसाच्या, शर्यतीत. एका रात्री टीममधल्याच एकाच्या अपार्टमेंटमध्ये शिरून जुन्या मैत्रिणीला मारलं, जिन्यावरून फरफटत खाली आणलं. कोच टॉम ऑसबर्न यांनी आधी सांगितलं टीममधून काढला. मग विचार बदलला, सस्पेंड केला. सहा मॅच. नोव्हेंबरात परत घेतला आणि २ जानेवारी १९९६ ला फिएस्टा बोलमध्ये फ्लोरिडाविरुद्ध त्याने १६५ यार्ड काढले, ६२-२४ ने जिंकले, पुन्हा चॅम्पियन.

आता ऑसबर्न म्हणजे इथे पांडुरंगानंतर तेच. देवभोळा, सज्जन माणूस, पुढे खासदारही झाले. त्यांचं म्हणणं असं होतं की या पोराने लहानपणी घर असं पाहिलंच नाही, फुटबॉल हा एकच दोर आहे त्याला धरून ठेवणारा, तो मी कापला तर पोरगा वाहून जाईल. टीकाकार म्हणाले साहेब, दोर कापायचा नाही हे ठीक, पण चॅम्पियनशिपच्या आधीच कसा ओढून घेतलात?

शेवट वाईट झाला. सहाव्या नंबरला एनएफएलमध्ये गेला, टिकला नाही, पुढे गाडी पोरांच्या अंगावर घातली, आणखी एका मैत्रिणीला मारलं, ३१ वर्षांची शिक्षा झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये तुरुंगातच वारला. माझा शेजारी म्हणतो ऑसबर्न बरोबर होते, फुटबॉल सुटलं आणि तो सुटला. त्याची बायको म्हणते बरोबर कसले, त्या वर्षी कुणीतरी त्याला ठामपणे थांबवायला हवं होतं. चाळीस वर्षांचा संसार आहे त्यांचा, या एका गोष्टीवर अजून एकमत नाही.


रेवा | सोमवार, सकाळी ९:४०

भाऊ, शेजारीणबाईंना +१००

आणि या सगळ्या कहाणीत ती मुलगी कुठे आहे? १६५ यार्ड सगळ्यांना पाठ आहेत.


भाऊ_लिंकनकर | सोमवार, सकाळी ९:५८

खरंय. मीच एवढं मोठं लिहिलं आणि तिच्याबद्दल एक ओळ नाही. :(


टेक्सासवाला_तात्या | सोमवार, दुपारी १२:२०

एक मॅचच्या शिक्षेबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. कॉलेजांचं वेळापत्रक असं असतं की पहिल्या आठवड्यात एखादी गरीब टीम पैसे देऊन मार खायला बोलवायची, त्याला इकडे कपकेक म्हणतात. मग पोराला शिक्षा कुठली तर त्या कपकेकच्या मॅचला बाहेर बसायचं. उपासाला साबुदाण्याची खिचडी खाण्यापैकी आहे हे.

पण एकदा मजा झाली. २०१६ ला मिसिसिपी स्टेटने जेफरी सिमन्स नावाचा पोरगा घेतला. शाळेत असतानाच्या एका भांडणात खाली पडलेल्या बाईला तो ठोसे मारतोय असा व्हिडिओ सगळीकडे फिरलेला, तरी घेतला. शिक्षा किती तर सलामीची एक मॅच, साउथ अलाबामाविरुद्ध. आणि ती मॅच मिसिसिपी स्टेट २१-२० ने हरली!! देव आहे, मंडळी.

याच्यात आणखी एक गंमत. त्याच्या आदल्याच वर्षी एसईसीने, म्हणजे दक्षिणेतल्या टीमांच्या संघटनेने, मोठा नियम केला होता. जॉर्जियाने घरगुती हिंसेच्या अटकेनंतर काढलेला एक खेळाडू अलाबामाने घेतला, तो काही महिन्यांत पुन्हा पकडला गेला, अलाबामाची नाचक्की झाली, मग मे २०१५ मध्ये ठरलं की असल्या कारणांनी एका कॉलेजने काढलेला पोरगा दुसऱ्याने घ्यायचा नाही. पण नियम तेव्हा फक्त ट्रान्सफरवाल्यांना! शाळेतून थेट आलेल्याला लागूच नव्हता. दरवाजाला कुलूप आणि खिडकी सताड उघडी.


नांगरधारी | सोमवार, दुपारी १२:५०

तात्या, पूर्ण सांगा की. सिमन्स पुढे कॉलेजात एकदाही कुठल्या भानगडीत सापडला नाही, २०१९ ला पहिल्या राउंडमध्ये टेनेसीकडे गेला, आज तिथे सगळे त्याला मानतात. अठरा वर्षांच्या पोराला त्या व्हिडिओवरून कायमचं घरी बसवलं असतं तर?


टेक्सासवाला_तात्या | सोमवार, दुपारी १:०५

कायमचं कोण म्हणतंय? पण एक मॅच?! आमच्या शाळेत डबा वर्गात उघडला तर याहून जास्त वेळ उभं करायचे.


वकीलीणबाई | सोमवार, रात्री ८:३०

इलिनॉयमध्ये वकिली करते, (क्रिमिनल नव्हे, पण थोडंफार कळतं) म्हणून जरा ब्रेक लावते.

सगळे जण 'अटक' हा शब्द 'गुन्हा' असल्यासारखा वापरताहेत. इथे बऱ्याच राज्यांत घरगुती हिंसेची तक्रार आली आणि पोलिसांना प्रथमदर्शनी काही दिसलं तर त्यांना अटक करावीच लागते, त्यांच्या मर्जीवर नाही. अटकेनंतर सरकारी वकील ठरवतो आरोप ठेवायचा की नाही, मग फेलनी (गंभीर गुन्हा) का मिसडिमिनर (किरकोळ), मग खटला किंवा तडजोड. या प्रत्येक पायरीवर केस गळू शकते.

तीन उदाहरणं देते. एक, ड्यूक युनिव्हर्सिटी, २००६. खेळ लक्रॉस, पण धडा तोच. तीन पोरांवर बलात्काराचा आरोप, युनिव्हर्सिटीने अख्खा सीझन रद्द केला, कोचला जावं लागलं. एप्रिल २००७ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलने नुसते आरोप मागे घेतले नाहीत, पोरं निर्दोष आहेत असं जाहीर केलं, आणि सरकारी वकिलाची सनद गेली. आरोप करणारीने २०२४ मध्ये स्वतःच खोटं बोलल्याचं कबूल केलं.

दोन, डाल्विन कुक, फ्लोरिडा स्टेट, २०१५. जुलैमध्ये बारबाहेर बाईला मारल्याचा आरोप, सस्पेंड. ऑगस्टमध्ये खटला उभा राहिला, ज्यूरीने अर्ध्या तासात निर्दोष सोडला, सीझन सुरू व्हायच्या आत परत. पण असं घड्याळ लावून कोर्ट चालतं का? नशीब त्याचं.

तीन, आमच्या घराजवळचं. इलिनॉयचा टेरेन्स शॅनन, हा बास्केटबॉलवाला. डिसेंबर २०२३ मध्ये कॅन्ससमध्ये बलात्काराचा आरोप, युनिव्हर्सिटीने आपल्या नियमाप्रमाणे सस्पेंड केलं, सहा मॅच बुडाल्या. तो फेडरल कोर्टात गेला, की मला बाजू मांडायची नीट संधी दिली नाही आणि माझं कायमचं नुकसान होतंय. जानेवारी २०२४ मध्ये कोर्टाने युनिव्हर्सिटीला त्याला परत घ्यायला लावलं. जूनमध्ये ज्यूरीने निर्दोष सोडलं आणि दोन आठवड्यांनी तो एनबीएमध्ये पहिल्या राउंडला निवडला गेला. सस्पेन्शन तसंच राहिलं असतं तर?

सरकारी युनिव्हर्सिटी म्हणजे सरकार. तिला मनाला येईल तसं कुणाला काढता येत नाही, नोटीस द्यायला लागते, ऐकून घ्यावं लागतं.


झक्कास_झंप्या | सोमवार, रात्री ८:४५

वकीलीणबाईंनी फी लावली असती तर हा प्रतिसाद ४०० डॉलरला पडला असता. दंडवत घ्या.


अनामिक_टीए | मंगळवार, पहाटे १:१०

नेहमी वाचनमात्र असते, आज लिहावंसं वाटलं. एका मोठ्या फुटबॉल कॉलेजात पीएचडी करताना दोन वर्षं टीए (टीचिंग असिस्टंट) होते. माझ्या लॅब सेक्शनमध्ये फुटबॉलची तीन पोरं होती. सांगायचं तर वाईट नव्हती, पहाटे पाचला वेट ट्रेनिंग करून येऊन लॅबमध्ये पेंगायची. त्यांच्यामागे ॲथलेटिक डिपार्टमेंटचा माणूस असायचा, हजेरी घ्यायला दारात उभा, मार्क कमी पडले तर ट्यूटर, दर आठवड्याला मला ईमेल.

त्यातल्या एकावर एका मुलीने तक्रार केली. ती मुलगी पण माझ्याच कोर्सला, दुसऱ्या सेक्शनला. तक्रारीनंतर या पोराला 'वैयक्तिक कारणासाठी' दोन मॅच बसवलं, वकील आला, सल्लागार आला, मला ईमेल आलं की त्याला असाइनमेंटला मुदतवाढ द्या. दिली मी. आणि ती मुलगी तिसऱ्या आठवड्यापासून लॅबला यायचीच बंद झाली. तिच्यासाठी मला कुणाचंही ईमेल आलं नाही. सेमिस्टरच्या शेवटी सिस्टीममध्ये तिच्या नावापुढे विथड्रॉन दिसलं. तेव्हा मला सुचलं सुद्धा नाही की आपण स्वतःहून तिला लिहावं.

कोर्टाचं काय झालं मला माहीत नाही. पण 'किती मॅच' याच्यावर एवढी चर्चा चालू आहे म्हणून सांगितलं.


रेवा | मंगळवार, सकाळी ६:५०

वाचून सुन्न.


आजोबा_डोंबिवली | मंगळवार, सकाळी १०:२५

मला हा खेळ अजिबात कळत नाही. नातू मिशिगनला आहे, तो दाखवतो, मला सगळे एका ढिगाऱ्यात पडलेले दिसतात. पण सरकारी कचेरीत ३४ वर्षं आस्थापना शाखेत काढली आहेत आणि निलंबनाच्या फायली शेकड्याने हाताळल्या आहेत, तेव्हा थोडं बोलतो.

तुम्ही सगळे निलंबन ही शिक्षा समजता, तिथेच घोळ आहे. आमच्याकडे निलंबन ही शिक्षा नव्हेच. सरकारी नोकर ४८ तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत राहिला की तो आपोआप निलंबित मानला जातो. साहेबाला आवडो न आवडो, तो कितीही हुशार असो, मार्चअखेर तोंडावर असो. साहेबाला विचारतच नाहीत. पण त्याला उपाशीही मारत नाहीत, निर्वाह भत्ता चालू राहतो. चौकशी होते. दोषी निघाला तर शिक्षा वेगळी, आणि निर्दोष सुटला तर निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ धरून उरलेला पगार परत. (आमच्याकडे चौकशा वर्षानुवर्षं चालतात तो भाग वेगळा, भत्ता खात बसलेले महाभाग पाहिलेत मी.)

आता हे त्या पोरांना लावून बघा. गंभीर मारहाणीचा आरोप ठेवला गेला की मैदान बंद, आपोआप, कोचने तोंड उघडायचंच नाही. स्कॉलरशिप, जेवण, अभ्यास चालू, तो निर्वाह भत्ता समजा. सुटला तर बुडालेलं वर्ष परत द्या. यात कठीण काय आहे?


नांगरधारी | मंगळवार, सकाळी १०:४०

आजोबा, तुम्ही एनसीएएचे, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम करणाऱ्या संस्थेचे, अध्यक्ष व्हा.


वकीलीणबाई | मंगळवार, सकाळी ११:३०

आजोबा, नमस्कार करते. इतकं स्वच्छ कुणी मांडलेलं पाहिलं नव्हतं. विशेषतः 'वर्ष परत' हा भाग. इथे पाच वर्षांत चार सीझन खेळायचे असा हिशोब असतो, त्यात एनसीएएने निर्दोष सुटलेल्याला एक वर्ष वाढवून देणं अशक्य नाही, आजारपणाला, दुखापतीला देतातच.

दोन अडचणी मात्र आहेत. तुमच्या कारकुनाचा पगार नंतर देता येतो. धावणाऱ्या पोराचा विसावा वर्षातला पाय नंतर परत मिळत नाही, ड्राफ्ट थांबत नाही. दुसरं, आता यात खरा पैसा आलाय. जुलै २०२१ पासून पोरांना आपल्या नावावर जाहिराती करता येतात आणि २०२५ पासून तर कॉलेजं स्वतः थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला जवळपास दोन कोटी डॉलरपर्यंत मुभा. त्यामुळे बसवलं की थेट कमाई बुडते आणि वकील दारात येतात. शॅननच्या केसमध्ये हाच मुद्दा होता.


आजोबा_डोंबिवली | मंगळवार, दुपारी ४:००

पैसे देतात म्हणजे नोकरच झाले की! मग तर आमची नियमावलीच लागू. नोकरी नको पण पगार हवा, आणि निलंबन आलं की आम्ही विद्यार्थी. हे बरंय. दोन्ही डगरींवर पाय.


टेक्सासवाला_तात्या | मंगळवार, संध्या. ७:१०

आजोबांना अनुमोदन, आणि कोचच्या हातातून का काढायचं त्याचा पुरावा आमच्या टेक्सासमध्ये आहे. वेकोचं बेलर. खेळाडूंवर लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत होत्या, एका खेळाडूला २०१४ मध्ये २० वर्षांची शिक्षाही झाली. बाहेरच्या लॉ फर्मने चौकशी केली, त्यात निघालं की फुटबॉलवाले तक्रारी आपल्यापुरत्या मिटवत होते, पुढे जाऊच देत नव्हते. २०१६ ला कोच आर्ट ब्राइल्स यांची नोकरी गेली, अध्यक्ष केन स्टार यांची खुर्ची गेली. हेच केन स्टार बरं का, ज्यांनी क्लिंटनच्या मागे लागून देशभर नैतिकतेचा झेंडा फिरवला होता.

आणि एनसीएए? पाच वर्षं लावली, ऑगस्ट २०२१ मध्ये निकाल दिला की बेलर नैतिकदृष्ट्या चुकलं, पण आमच्या पुस्तकात याबद्दल नियमच नाही, म्हणून शिक्षा देता येत नाही! आणि हीच संस्था पोरांनी स्वतःची जर्सी विकली तर पाच पाच मॅच बसवायची. ओहायो स्टेटवाल्यांनी टॅटूच्या बदल्यात वस्तू दिल्या तर २०१० मध्ये पाच मॅच. टॅटूला पाच, बाईच्या थोबाडीत मारलं तर एक.


बकआय_बाळू | मंगळवार, संध्या. ७:२२

आमच्या टॅटूवर घसरायचं काम नाही तात्या. २०१० विसरलो नाही अजून. शुगर बोल ही सीझनअखेरची मोठी मॅच खेळू दिलं आणि पुढच्या सीझनला बसवलं, तेव्हाही पैशाची मॅच आली की नियम झोपतात हे कळलं.


झक्कास_झंप्या | मंगळवार, संध्या. ७:३०

तात्या, मग टॅटूवाल्याने टॅटू काढताना सुई जोरात टोचली तर ती मारहाण धरायची का?


रेवा | मंगळवार, संध्या. ७:५५

झंप्या, या धाग्यावर नको रे.


झक्कास_झंप्या | मंगळवार, रात्री ८:०१

सॉरी. आता वरचं टीए ताईंचं वाचलं. गप्प बसतो.


भाऊ_लिंकनकर | बुधवार, सकाळी ८:४०

रेवाच्या प्रश्नावरून आठवलं. ब्रेंडा ट्रेसी. १९९८ ला ऑरेगनमध्ये चार जणांनी अत्याचार केल्याची तिने तक्रार केली, त्यात दोन ऑरेगन स्टेटचे खेळाडू. खटला उभाच राहिला नाही. तेव्हाचे कोच माइक रायली यांनी त्या दोघांना किती बसवलं? एक मॅच. पोरं चांगली आहेत, चूक झाली, अशा अर्थाचं ते बोलले, आणि ती म्हणते त्या वाक्याने अत्याचाराइतकंच तोडलं. सोळा वर्षांनी ती नाव घेऊन पुढे आली. रायलींनी माफी मागितली, आणि २०१६ मध्ये ते आमच्या नेब्रास्काचे कोच असताना तिला लिंकनला बोलावून अख्ख्या टीमसमोर बोलायला लावलं. ती टीमसमोर म्हणाली की मी या माणसाचा द्वेष करायचे. तो तिथेच उभा होता.

तिच्या नावाचा नियमही आहे, ट्रेसी रूल. हिंसेचा इतिहास असलेला खेळाडू घ्यायचाच नाही. २०१९ मध्ये सॅन अँटोनियोच्या युनिव्हर्सिटीने तो स्वीकारला. इंडियाना युनिव्हर्सिटीने २०१७ मध्येच लैंगिक हिंसेत दोषी ठरलेल्यांना दार बंद केलं होतं. मोठ्या, जिंकणाऱ्या टीमा मात्र रांगेत दिसल्या नाहीत.


नांगरधारी | बुधवार, सकाळी ९:३०

घ्यायचाच नाही याला माझा विरोध, जाऊ दे, शिव्या खाईन. या पोरांमध्ये बरीचशी काळी, गरीब घरातली, अशा वस्तीतली जिथे पोलीस गोऱ्या पोराला घरी सोडतात आणि काळ्याला गाडीत घालतात. २०११ मध्ये सीबीएस आणि स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने आघाडीच्या २५ टीमांमधल्या २८३७ खेळाडूंची पार्श्वभूमी तपासली तर ७ टक्क्यांवर पोलीस रेकॉर्ड निघालं. लोक म्हणाले बापरे. मी म्हणतो ९३ टक्क्यांवर नाही. आणि ज्यांच्यावर आहे त्यातली किती प्रकरणं वकील परवडला असता तर रेकॉर्डवरच आली नसती? ब्रायन बँक्स आठवतो का? शाळेत असताना खोट्या आरोपात अडकला, यूएससीला जायचा होता, वकिलाने सांगितलं म्हणून तडजोड केली, पाच वर्षं तुरुंगात. २०१२ मध्ये निर्दोष ठरला. तुमच्या ट्रेसी रूलमध्ये तो २०१२ पर्यंत गुन्हेगारच.


रेवा | बुधवार, सकाळी १०:१०

नांगरधारी, शिव्या नाही देत, मुद्दा खरा आहे. पण मारहाण झालेल्या मुलींमध्ये पण काळ्या, गरीब घरातल्या असतात. त्यांच्या बाजूने प्रेसबॉक्समध्ये कोणी बसलेलं नसतं.

मला शिक्षेपेक्षा एक वेगळंच खटकतं. व्हिडिओ. मिक्सनचा व्हिडिओ कोचने २०१४ लाच बघितला होता. लोकांनी बघितला डिसेंबर २०१६ मध्ये, आणि मग तेच कोच बॉब स्टूप्स म्हणाले की आज असं झालं असतं तर काढूनच टाकलं असतं. फ्लोरिडा स्टेटच्या एका क्वार्टरबॅकला २०१५ मध्ये बारमध्ये मुलीला मारल्याचा व्हिडिओ आला त्याच दिवशी काढलं, तोवर नुसता सस्पेंड होता. बुक्की तीच, जबडा तोच, बदललं काय? आपण बघितलं. म्हणजे शिक्षा मारल्याची नाही, दिसल्याची.


अनामिक_टीए | बुधवार, सकाळी १०:३०

हे.


बकआय_बाळू | बुधवार, दुपारी १:००

अवांतर: शनिवारी कोणी कोलंबसला येतंय का, दोन तिकिटं जास्त आहेत. झुणका-भाकरीचं टेलगेट (मॅचआधीची पार्किंगमधली पार्टी) आहे, मिरचीचा ठेचा आमच्या सौचा.


टेक्सासवाला_तात्या | बुधवार, दुपारी १:०४

ठेचा मारहाणीत मोडतो का ते वकीलीणबाईंना विचारून येतो.


वकीलीणबाई | बुधवार, रात्री ९:२०

मिसडिमिनर. :)

सुमेधाताई, तुमच्या मूळ प्रश्नावर येते, आपण फार भरकटलो. अटक झाल्यावर काही दिवस बसवायला कुणाची हरकत नसावी, कोर्टाचीही नसते, पण त्याच काही दिवसांत त्याचं ऐकून घ्या. ऐकणारा कोच नको, ॲथलेटिक डायरेक्टरही नको, त्याचाही बोनस जिंकण्यावरच असतो. बाकी विद्यार्थ्यांना जी समिती बघते तीच हवी. आरोप ठेवला गेला, आणि त्यात कुणाला इजा झाली असेल, तर आजोबांचा नियम. गुन्हा कबूल केला किंवा सिद्ध झाला तर टीम बंद, आणि ते पुढच्या कॉलेजला कळलंच पाहिजे. हे शेवटचं आता काही अंशी आहे, एनसीएएने २०२२-२३ पासून खेळाडूंना दर वर्षी असली प्रकरणं कॉलेजला लिहून द्यायला लावलंय. पण लिहून दिल्यावर घ्यायचं की नाही ते कॉलेजच ठरवणार, म्हणजे परत तिथेच.

आणि एक कामाची गोष्ट. क्लेरी ॲक्टखाली प्रत्येक कॉलेजला कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचा अहवाल दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत काढावाच लागतो, वेबसाइटवर असतो. मुलीच्या कॉलेजचा उघडून बघा. आपण आयाबाया मेसचा मेनू बघतो, हा कुणी बघत नाही.


सुमेधा_टल्सा | गुरुवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. अहवाल शोधला, ७० पानी आहे, वाचतेय. आजोबा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, तो पक्का सूनर (ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीचा भक्त), पहिल्यांदाच गप्प बसला.

टीए ताई, तुमचं वाचून मुलीला फोन केला. म्हटलं, ती मार खाल्लेली मुलगी कुठेय? तिला माहीत नव्हतं. मी विचारलं म्हणून तिने चौकशी केली. हॉस्टेल बदललंय म्हणे, कारण त्या पोराची टीम जिथे जेवते तीच मेस तिच्या बिल्डिंगखाली होती. हलवलं कुणाला, तर तिला. पोरगा आहे तिथेच आहे.


अनामिक_टीए | गुरुवार, रात्री १०:५०

तुमच्या मुलीला सांगा, ओळख निघाली तर तिला नोट्स पाठव. एवढंच. मी पाठवल्या नव्हत्या.


सुमेधा_टल्सा | शनिवार, सकाळी ११:०६

मॅच सुरू झालीय. तो ड्रेस घालून साइडलाइनला उभा आहे, हेल्मेट हातात. टीव्हीवाले म्हणाले 'कोचचा निर्णय'.


बकआय_बाळू | शनिवार, सकाळी ११:०९

हेल्मेट हातात म्हणजे खेळणार नाही बहुतेक. नुसतं दाखवायला उभं करतात कधीकधी.


भाऊ_लिंकनकर | शनिवार, सकाळी ११:१५

स्कोअर काय?


सुमेधा_टल्सा | शनिवार, सकाळी ११:५२

१४-३ ने मागे होते. आत्ता दुसऱ्या क्वार्टरला घातलं.